जमेल का?

साडेचार किलोंची पिशवी उचलायला जमेल का? बहुतेक जण म्हणतील, त्यात काय विशेष! बरं, नऊ किलोंची? तेवीस किलोंची, म्हणजे विमानतळावर काट्यावर ठेवतो तशी ठासून भरलेली बॅग? पंचेचाळीस किलो? आणि एकशे छत्तीस? प्रत्येक वजनापुढे शून्य ते शंभर यांमधला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे मुळीच जमणार नाही, शंभर म्हणजे अगदी नक्की जमेल. वजन प्रत्यक्ष उचलायचं नाही, मनातल्या मनात उचलून पाहायचं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं २००६ साली आत्मविश्वास कसा मोजावा यावर एक मार्गदर्शिका लिहिली. हा सरावाचा प्रश्न तिच्यातला आहे. त्यानं वजनं पौंडात दिली होती, दहापासून तीनशेपर्यंत. गंमत अशी की हे करताना कुणालाच फारसा विचार करावा लागत नाही. वजन वाढत जातं तसा हात आपोआप शंभरावरून ऐंशीवर, चाळीसवर, शून्यावर येतो. आपल्याला काय पेलेल याचा अंदाज आपल्या आत कुठेतरी सतत तयार असतो. कुणी विचारलं की तो आकडा होऊन बाहेर येतो.

आता पिशवीच्या जागी दुसरं ओझं ठेवू.

रात्रीचे अकरा वाजलेत. शारजात, अल नाहदामधल्या एका इमारतीतलं घर. दोन दिवस घसा खवखवतोय, नाक वाहतंय, अंग मोडून आलंय, ताप मात्र नाही. सकाळी सातला दुबईच्या वाटेवर गाडी काढायची आहे. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात मागच्या खेपेच्या उरलेल्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप आहे. तिला हात न लावता, गरम पाणी पिऊन झोपायला जमेल का? शून्य ते शंभर.

हे घर माझंच. हा प्रश्न मी स्वतःला पहिल्यांदा विचारला तेव्हा आकडा लिहायला बराच वेळ लागला. माहिती सगळी होती. सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, उरलेल्या गोळ्या मनानं घ्यायच्या नसतात, हे मी कुणालाही समजावून सांगितलं असतं. तरी प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा होता ४०.

माहिती शंभर आणि आकडा चाळीस. मधले साठ गेले कुठे, याचा शोध घेणारं एक छोटंसं, फार सुंदर शास्त्र आहे.

हट्ट मोजायची पट्टी

आधी जंतूंच्या बाजूनं पाहू. जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे प्रयोगशाळेत ज्या रीतीनं पाहतात ती कुणीही एकदा डोळ्यांनी बघावी. चपट्या गोल बशीत फिकट पिवळसर आगर जेलीसारखं घट्ट बसलेलं असतं. त्यावर रुग्णाकडून मिळालेले जंतू पातळ सारवतात. मग अँटिबायोटिक शोषवलेल्या कागदाच्या चकत्या, प्रत्येकी सहा मिलिमीटरच्या, त्यावर अलगद ठेवतात. बशी रात्रभर पस्तीस अंशांच्या उबेत राहते. सकाळी बघावं तर सगळीकडे जंतूंची दुधट साय आलेली आणि काही चकत्यांभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ. तिथे औषधानं जंतूंना उगवू दिलेलं नाही. पट्टी घ्यायची आणि वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. एखाद्या चकतीला अगदी खेटून जंतू वाढलेले असले, तर ते औषध त्या रुग्णाच्या कामाचं नाही. जंतूचा हट्ट शाळेतल्या पट्टीनं मोजता येतो!

संयुक्त अरब अमिरातींनी हे मोजमाप मोठ्या चिकाटीनं केलं आहे. २०१० मध्ये अबुधाबीतून सुरुवात झाली. मोजक्या ठिकाणांहून येणारी माहिती पुढे देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि दवाखाने पाठवू लागले. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला. या खटाटोपाचं कारण साधं आहे. त्याच २०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा हिशेब २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

पण बशीतला हा हट्ट येतो कुठून? आपल्या आतड्यांत, घशात, कातडीवर अब्जावधी जिवाणू गुण्यागोविंदानं नांदत असतात. सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीच्या विषाणूला शिवतही नाही, या रहिवाशांवर मात्र तुटून पडते. त्यांतले कमजोर मरतात. ज्यांच्याकडे योगायोगानं औषध पचवायची युक्ती असते ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. सोयीच्या परिस्थितीत आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय एक जिवाणू आपली युक्ती शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. म्हणजे बशीत दिसणाऱ्या हट्टाची एक वाट थेट बिस्किटांच्या डब्यापर्यंत जाते. जंतूचा हट्ट मिलिमीटरमध्ये मोजला, मग रात्री अकरा वाजता डब्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचं मन कशात मोजायचं?

माहीत आहे, पण…

बराच काळ लोकांची माहितीच मोजली जात होती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बारा देशांतल्या जवळपास दहा हजार लोकांना अँटिबायोटिकविषयी प्रश्न विचारले. त्यांतल्या ६४ टक्के लोकांना वाटत होतं की सर्दी आणि फ्लू अँटिबायोटिकनं बरे होतात. भारतातल्या उत्तरांत हे प्रमाण ७५ टक्के होतं. बहुतेकांची अशीही समजूत होती की औषधाला सरावतं ते आपलं शरीर. खरं तर सरावतो तो जंतू.

अमिरातींतलं चित्र त्याआधीच टिपलं गेलं होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अबुधाबी अमिरातीतल्या ८६० जणांना विचारलं, तेव्हा ५६ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात अँटिबायोटिक घेतल्याचं सांगितलं. त्यात सगळ्यांत पुढे अमॉक्सिसिलिन. पुढच्याच वर्षी अबुधाबीतल्या खासगी फार्मसींच्या विक्रीचा अभ्यास छापून आला. नोंदवलेल्या अँटिबायोटिकपैकी सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली गेली होती. कायद्यानं तेव्हाही चिठ्ठी लागतच होती.

यावर पहिला उपाय सुचतो तो लोकांना सांगण्याचा. फलक लावा, पत्रकं वाटा, शाळेत शिकवा. ते हवंच. पण सकाळी चालायला जाणं चांगलं हे कुणाला ठाऊक नसतं? नुसत्या ठाऊक असण्यानं माणसं चालायला लागली असती, तर प्रत्येक गल्लीत पहाटे पाचला जत्रा भरली असती. माहीत असणं आणि जमणं यांच्यामध्ये एक ओढा आहे. तो ओलांडायला काय लागतं, हे बांडुराला सापांनी शिकवलं.

साप, पिंजरा आणि एक आकडा

बांडुरा १९२५ मध्ये कॅनडातल्या मुंडारे नावाच्या छोट्या गावात जन्मला आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्यभर शिकवत राहिला. १९७० च्या दशकात त्याच्याकडे सापांची विलक्षण भीती असलेली माणसं येत. हे साप बिनविषारी आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक असे, तरी पाय थिजत. बांडुरानं त्यांच्यापुढे कामांची एक चढती यादी ठेवली. पिंजऱ्याजवळ जाणं, आत वाकून बघणं, हातमोजा घालून सापाला स्पर्श करणं, मग उघड्या हातानं धरणं, त्याला खोलीत मोकळा सोडणं आणि शेवटी मांडीवर फिरू देणं. प्रत्येक पायरीपुढे माणसानं आकडा लिहायचा, हे जमेल याची मला किती खात्री आहे?

मग खरी परीक्षा झाली आणि मती गुंग करणारी गोष्ट दिसली. माणूस कुठल्या पायरीपर्यंत जाईल हे त्या आकड्यावरून फार नेमकं सांगता येत होतं. १९७७ मध्ये बांडुरानं हे सगळं एका सिद्धान्तात बांधलं. एखादं ठरावीक काम ठरावीक परिस्थितीत आपल्याला करता येईल, हा माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज त्याच्या पुढच्या वागण्याला आकार देतो, हा त्याचा गाभा.

यात एक बारकावा आहे आणि तो मराठीत जितका सहज उतरतो तितका फार थोड्या भाषांत उतरत असेल. बांडुरा बजावून सांगतो की 'तुम्ही कराल का' असं विचारू नका, 'तुम्हाला करता येईल का' असं विचारा. पहिलं उत्तर इराद्याचं, दुसरं कुवतीचं. मराठीत हा फरक दोन क्रियापदांत आहे. 'करीन' म्हणताना कर्ता मी असतो, सारा जोर माझ्याकडे. 'जमेल' म्हणताना मी 'मला' होतो. मला जमेल, तुला जमेल, त्यांना जमेल. काम, वेळ, अंगातली ताकद, घरातली माणसं, खिशातले पैसे, सगळ्याचा मेळ बसला तर ते जमतं. आपल्या आज्या-पणज्यांनी बोलता बोलता घडवलेल्या या क्रियापदात बांडुराचा अर्धा सिद्धान्त आधीच होता.

प्रश्नांची चढण

अँटिबायोटिकसाठी अशी मोजपट्टी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एरिन हिल आणि केटलिन वॉटकिन्स या दोन संशोधिका स्त्रियांच्या औषधं घेण्याच्या सवयींचा अभ्यास करत होत्या. त्यातूनच अँटिबायोटिक योग्य रीतीनं वापरण्याचा आत्मविश्वास मोजणारे प्रश्न त्यांनी तयार केले. सुरुवात स्त्रियांपासून झाली हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. कित्येक घरांत कुणाला किती वाजता कुठली गोळी द्यायची हे त्याच ठरवतात.

मोजपट्टी घडवण्याची कला प्रश्नांच्या चढणीत आहे. 'अँटिबायोटिक योग्य वापरायला जमेल का' असं सरसकट विचारलं तर सगळेच हो म्हणतील, आणि असं माप फुकट. वजन वाढवत न्यावं तशी अडचण वाढवत न्यायची. व्यायामाविषयी विचारताना बांडुरा दमलेलं असताना, घरी पाहुणे असताना, हवा खराब असताना अशा अटी घालत गेला. आपणही कागद घेऊन करून बघू. डॉक्टर म्हणाले की अँटिबायोटिकची गरज नाही, तर ते ऐकायला जमेल का? आठवडाभर खोकला थांबला नाही तरी जमेल का? उद्या ऑफिसात महत्त्वाचं काम असेल तर? परवा पहाटेचं मुंबईचं विमान असेल तर? आणि आजारी आपण नसून चार वर्षांचं लेकरू असेल, रात्रभर खोकून रडत असेल, तर?

माझे आकडे लिहून दाखवतो. पहिल्यापुढे ९०, दुसऱ्यापुढे ७०, तिसऱ्यापुढे ४०, चौथ्यापुढे ३०, शेवटच्यापुढे २०. ही उतरण बघून मी थक्क झालो. पाचही ठिकाणी माणूस तोच, माहितीही तीच. हरवलेले साठ इथे सापडले. ते कामाच्या दिवसात, विमानाच्या वेळेत आणि लेकराच्या खोकल्यात वाटले गेले होते.

एका प्रश्नावर विसंबायचं नाही, हा पुढचा नियम. ताप आहे की नाही हे आई कपाळाला, मानेला, पोटाला हात लावून बघते. तिन्ही ठिकाणी चटका लागला तर तिची खात्री पटते. तसेच अनेक प्रश्न एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, हे तपासायचं गणित ली क्रॉनबॅक यानं १९५१ मध्ये मांडलं. त्याच्या नावाचा 'अल्फा' आजही अशा जवळपास प्रत्येक अभ्यासात भेटतो. प्रश्नांचं एकमेकांशी जमलं की तो एकच्या जवळ जातो, प्रत्येक प्रश्न भलतीकडे ओढू लागला की घसरतो. त्यानंतरही एक कसोटी उरते. ज्यांचे आकडे मोठे, त्यांच्या डब्यात उरलेल्या गोळ्या खरोखर कमी असतात का? तसं नसेल तर लोकांनी विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून आकडे लिहिले, इतकाच त्याचा अर्थ.

दुबईत कुणाला विचारायचं?

आता ही मोजपट्टी अमिरातींत न्यायची तर काय काय आड येईल बघा. इथली लोकसंख्या एक कोटीच्या पुढे आहे आणि दहांतले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले. एकट्या भारतीयांचीच संख्या पस्तीस लाखांहून अधिक आहे. अरबी आणि इंग्रजीत प्रश्न छापले तरी करामाच्या दुकानात, शारजाच्या रोला भागात, मुहैस्नातल्या ज्या कामगार वस्तीला सगळे 'सोनापूर' म्हणतात तिथे, माणसं विचार करतात मल्याळम, उर्दू, बंगाली, तगालोग, तमिळ, कोकणी आणि मराठीत.

भाषांतराची म्हणून एक शिस्त आहे. एकानं प्रश्न नव्या भाषेत न्यायचा. मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्यानं तो परत मूळ भाषेत आणायचा. दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ कुठे निसटला ते दिसतं. मग काही माणसांसमोर बसून विचारायचं, की हा प्रश्न वाचून तुमच्या मनात काय आलं? मराठीत या पायरीवर मजेदार गोष्टी निघतील याची मला खात्री आहे. आपल्याकडे घरोघरी 'अँटिबायोटिक' म्हणत नाहीत. 'जड गोळ्या' म्हणतात, 'पॉवरच्या गोळ्या' म्हणतात, 'पाच दिवसांचा कोर्स' म्हणतात. गोळ्या 'उष्ण पडल्या', 'तोंड आलं', म्हणून तिसऱ्या दिवशी बंद केल्या जातात. 'प्रतिजैविके योग्य प्रकारे वापरण्याबाबत आपणांस किती आत्मविश्वास वाटतो' हे वाक्य व्याकरणशुद्ध असेल, पण रत्नागिरीहून येऊन देरात मालवाहू गाडी चालवणाऱ्या माणसाच्या मनातल्या कुठल्याच दाराशी ते पोचत नाही. 'डॉक्टर नको म्हणाले तर जड गोळ्या न घेता राहायला जमेल का?' हे पोचतं.

शिवाय चढणीच्या पायऱ्या इथल्या हव्यात. पहिली पायरी पैशांची. अबुधाबीत परदेशी नोकरदारांना आरोग्य विमा २००६ पासून सक्तीचा झाला, दुबईत २०१३ च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं. शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांसाठी तो १ जानेवारी २०२५ ला लागू झाला. विमा नसेल तर आधी डॉक्टरांची फी आणि मग औषध, हा हिशेब माणसाला थेट फार्मसीच्या काउंटरवर नेतो. दुसरी पायरी रजेची. कामगार कायद्यानुसार प्रोबेशनचा, म्हणजे परीक्षेचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते. त्यांतले पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगाराचे, उरलेले बिनपगारी. परीक्षेच्या काळात मात्र आजारपणाचा पगार मिळत नाही. नव्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात अंग मोडून आलेल्या माणसाला 'दोन दिवस विश्रांती घ्या' हा सल्ला किती किलोंचा वाटत असेल!

तिसरी पायरी आपली खास, बॅगेची. पुण्याहून, सांगलीहून, चिपळूणहून येताना मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ यांच्याबरोबर औषधांची एक पिशवी येतेच. 'तिकडे डॉक्टर महाग, असू दे जवळ,' म्हणत आईनं ती मायेनं भरलेली असते. त्यातली एखादी स्ट्रिप काढून पाठीमागे बघा. उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही खूण सगळ्यांना ओळखता यावी म्हणून २०१६ मध्ये भारत सरकारनं मोहीम काढली होती. त्याआधी, मार्च २०१४ पासून, कित्येक महत्त्वाची अँटिबायोटिक विकताना दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंद ठेवणं सक्तीचं झालं. ती लाल रेघ अरबी समुद्र ओलांडून आमच्या डब्यापर्यंत येते, पण आम्ही स्ट्रिप पालथी करून बघत नाही.

धीर आणि अंगावर काढणं

इथे एक मोठा धोका आहे. समजा एखादा म्हणाला, मला पूर्ण आत्मविश्वास आहे, घसा दुखला की कुठली गोळी किती घ्यायची हे मला वीस वर्षांच्या अनुभवानं कळतं. त्याचा आकडा शंभर. पण तो शंभर भलत्याच गोष्टीचा आहे. गोळी निवडण्याचा विश्वास वेगळा आणि गोळीविना राहण्याचा, विचारण्याचा, ऐकण्याचा विश्वास वेगळा. मोजपट्टीनं या दोन्हींत गल्लत केली तर दुखणंच तिला तब्येत वाटू लागेल.

गोळीवरचा आपला विश्वास फुकाचा नाही, कमावलेला आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. पुढच्या वर्षापासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. ज्या पिढीनं न्यूमोनियानं, चिघळलेल्या जखमेनं, बाळंतरोगानं माणसं जाताना पाहिली होती, तिच्या लेखी ती कुपी देवाघरची होती. तीच श्रद्धा आमच्यापर्यंत आली. तिचा मान राखायचा तर ते औषध पुढच्या पिढीच्या न्यूमोनियावरही चाललं पाहिजे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'दुखणं अंगावर काढू नये' हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरंच आहे. त्यामुळे गोळी न घेता थांबणं म्हणजे अंगावर काढणंच, असं आपल्याला वाटतं. पण भाषेनंच त्यावर दुसरा शब्द दिला आहे, धीर. धीर म्हणजे हिंमत आणि धीर म्हणजे सबुरी, दोन्ही एकाच शब्दात. धाप लागत असेल, ताप हटत नसेल, बाळ दूध पीत नसेल, माणूस बरळत असेल आणि तरी घरी बसलो, तर ते अंगावर काढणं. तिथे तडक डॉक्टर गाठायचा आणि त्यांनी दिलेलं अँटिबायोटिक वेळेवर घ्यायचं. साध्या सर्दीला तिचे दिवस द्यायचे, तो धीर.

धीर किती दिवसांचा हवा, याचा आपला अंदाजच चुकलेला असतो. साधा खोकला किती दिवस राहतो? अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या लोकांना विचारलं तर त्यांची उत्तरं सात ते नऊ दिवसांच्या आसपास आली. संशोधकांनी अनेक अभ्यासांतली नोंद एकत्र केली तेव्हा सरासरी निघाली १७.८ दिवस! २०१३ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. त्याचा अर्थ पाहा. आठव्या-नवव्या दिवशी आपला धीर सुटतो, गोळ्या सुरू होतात, आणि पुढच्या आठवड्यात खोकला आपल्या पायांनी निघून जातो. श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या खेपेला हात आणखी लवकर डब्याकडे जातो.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगला हा डबा फार आधी दिसला होता. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या व्याख्यानात त्यानं एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखणारा एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, जंतू मरायला पुरेसं नाही पण त्यांना तालीम मिळायला पुरेसं एवढंच घेतो. ते तरबेज झालेले जंतू त्याच्या बायकोला न्यूमोनिया देतात, औषध चालत नाही आणि ती मरते. अँटिबायोटिकच्या गैरवापराची ही गोष्ट रुग्णालयात नाही, नवरा-बायकोच्या घरात घडते.

जमू कसं लागतं?

शास्त्र पुढे जातं तशी मोजपट्टीही बदलावी लागते, हे मला यातलं फार लोभस वाटतं. वर्षानुवर्षं 'कोर्स पूर्ण करा' हा मंत्र होता. आता कित्येक संसर्गांत कमी दिवसांचा उपचारही तितकाच गुण देतो असं दिसलं आहे, आणि लांब कोर्समुळे शरीरातल्या इतर जिवाणूंवर विनाकारण ताण येतो. म्हणून नवा सल्ला आहे, डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच, कमी नाही आणि जास्तही नाही. क्षयासारख्या रोगात ते दिवस महिन्यांत मोजायचे असतात. त्यामुळे 'कोर्स पूर्ण करायला जमेल का' या जुन्या प्रश्नाशेजारी आता 'किती दिवस घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारायला जमेल का' हा प्रश्न येऊन बसतो. आणि तो अनेकांना जड जातो. पांढऱ्या कोटासमोर तोंड उघडायलाही धीर लागतो.

बांडुराची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी की हा आकडा कपाळावर कोरलेला नसतो, तो वाढतो. तो चार वाटांनी वाढतो असं त्यानं सांगितलं. स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्यानं, विश्वासाच्या माणसानं धीर दिल्यानं, आणि शरीर देत असलेल्या खुणांचा अर्थ नीट लावल्यानं. त्यांतली पहिली वाट सगळ्यांत भक्कम.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी त्या वाटेवर एक साधा प्रयोग केला. घसा, खोकला, सर्दी घेऊन आलेल्या काहींना अँटिबायोटिक लगेच दिलं. इतरांना सांगितलं, काही दिवस थांबा, बरं वाटलं नाही तर मग घ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, लगेच मिळालेल्यांपैकी ९७ टक्क्यांनी गोळ्या घेतल्या. थांबायला सांगितलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून कमी जणांनी घेतल्या. त्रासाच्या तीव्रतेत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता.  फक्त धीराला थोडी जागा करून दिली, आणि निम्म्याहून जास्त लोकांना जमलं. ज्यांना जमलं त्यांच्याकडे पुढच्या सर्दीसाठी स्वतःचा पुरावा आला.

दुसरी वाट आम्हा परदेशातल्या मराठी माणसांना फार सोपी आहे. गणपतीत, कोजागरीला आम्ही जमतोच. तिथे एखादी आई सहज म्हणते, 'आमच्या चिनूला बारा दिवस खोकला होता. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाल्या, औषध नको, वाट बघा. गेला आपोआप.' तेवढ्या एका वाक्यानं ऐकणाऱ्या चार आयांचा आकडा वीसवरून तीसवर जात असेल.

मी तो कागद फ्रिजवर लावला आहे. पाच प्रश्न, पाच आकडे आणि प्रत्येकापुढे एक रिकामा रकाना. पाच दिवसांपूर्वी रात्री घसा पुन्हा खवखवायला लागला. बिस्किटांचा डबा खाली काढला, स्ट्रिप पालथी केली आणि लाल रेघ पाहिली. मग डबा परत वर ठेवला, पाणी गरम केलं, मीठ घालून गुळण्या केल्या. सकाळी सातला गाडी काढली तेव्हा घसा दुखतच होता. आज सहावा दिवस, आता बराच बरा आहे. तिसऱ्या प्रश्नापुढे, ४० च्या शेजारच्या रकान्यात, मी आज ५५ लिहिलं.